कामगार-भरपाईचा अधिकार : घटक राज्यांचा की संघसरकारचा?

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जी समवर्ती सूची दिली आहे, तिच्या चोविसाव्या नोंदीत मालकांचे दायित्व व कामगारांची नुकसानभरपाई हे विषय नावानिशी आले आहेत. १९२३ चा मूळ कायदा आणि त्याची जागा घेण्यासाठी झालेली २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता, ही दोन्ही केंद्राची निर्मिती; अंमलबजावणी मात्र बव्हंशी राज्यांकडे. या व्यवस्थेची सवय झालेल्या अभ्यासकास अमेरिकेतील स्थिती चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. तेथे ओहायोतील सुताराचा हात कापला गेला तर एक कायदा, टेक्सासमधील सुतारास दुसरा, बंदरात जहाज दुरुस्त करणाऱ्यास तिसरा आणि रेल्वेच्या यार्डातील कामगारास चौथा. या वैचित्र्यामागे कोणी विचारपूर्वक आखलेली योजना नाही. भरपाईचा विषय राज्यांकडे गेला तो त्या काळच्या घटनात्मक अर्थनिर्णयामुळे. तेथेच राहिला तो राजकीय सोयीमुळे. आणि राज्यांचे कायदे सर्वांत वेगाने सुधारले ते संघसरकारच्या हस्तक्षेपाने नव्हे, तर हस्तक्षेपाच्या नुसत्या धाकाने, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन सर्वोच्च न्यायालय आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा अर्थ फार संकुचित करीत असे. रेल्वे कामगारांसाठी काँग्रेसने केलेला १९०६ चा कायदा, तो राज्यांतर्गत कामालाही लागू होतो या कारणास्तव १९०८ मध्ये रद्द झाला. मग कारखान्यांचा प्रश्न संघसरकारच्या हाती कोठून येणार? तेव्हा राज्ये पुढे सरसावली. परंतु त्यांचीही वाट सोपी नव्हती. न्यूयॉर्कचा १९१० चा सक्तीचा कायदा तेथील अपील न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी घटनाबाह्य ठरविला. मालकाचा दोष नसताना त्याच्याकडून पैसे घेणे म्हणजे त्याची मालमत्ता हिरावणे, असा त्या निर्णयाचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहरातील ट्रँगल कंपनीच्या शिवणकारखान्यास आग लागून १४६ जीव गेले. न्यूयॉर्कने स्वतःची घटना दुरुस्त करून नवा कायदा केला आणि १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य मानला. तोवर विस्कॉन्सिनच्या १९११ च्या कायद्यापासून सुरू झालेली लाट देशभर पसरली होती. सर्वांत शेवटचे राज्य मिसिसिपी, तेथे १९४८ उजाडावे लागले. १९३७ नंतर न्यायालयाची दृष्टी पालटली व संघसरकारचा अडसर दूर झाला खरा. पण तोवर राज्याराज्यांत आयोग, विमाकंपन्या व वकीलवर्ग यांची घडी बसून गेली होती. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानेही या घडीस हात लावला नाही.

अधिकारक्षेत्राची रेषा न्यायालयाने आखली म्हणजे काय होते, हे जेन्सन खटल्यावरून चांगले कळते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका धक्क्यावर जेन्सन नावाचा गोदी कामगार विजेची छोटी मालगाडी चालवून जहाजातील लाकूड बाहेर काढीत होता. जहाज व धक्का यांना जोडणाऱ्या फळ्यांच्या पुलावरून गाडी मागे घेत असता डोके खाली करावयाचे राहिले, आघाताने मान मोडली व तो मरण पावला. त्याची विधवा व मुले यांना राज्याच्या आयोगाने भरपाई मंजूर केली. परंतु अपघात नाव्य जलाशयावर घडला, तेथे सागरी कायद्याची एकरूपता राखली पाहिजे, म्हणून राज्याचा कायदा लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले. हा निर्णयही १९१७ चाच! मार्चमध्ये ज्या कायद्याला न्यायालयाने मान्यता दिली, त्याच कायद्याचे छत्र मे महिन्यात या कुटुंबाच्या डोक्यावरून काढून घेतले. गोदी कामगारांना राज्यांचे कायदे लागू करण्याचा काँग्रेसने दोनदा यत्न केला व १९२० आणि १९२४ मध्ये दोन्ही वेळा तो फसला. अखेर १९२७ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र संघीय भरपाई कायदा झाला. तरीही रेषा राहिलीच. १९६९ च्या एका निर्णयानुसार धक्क्यावर इजा झालेला कामगार या कायद्याबाहेर राहिला. तोच पाण्यात पडता, तर आत आला असता. १९७२ च्या दुरुस्तीने ही रेषा किनाऱ्यावर सरकविली तेव्हा हा प्रकार बराचसा थांबला.

यावरून संघीय कायदा नेहमी अधिक पुढारलेला, असा समज मात्र करून घेऊ नये. १९०८ च्या संघीय कायद्याखाली रेल्वे कामगारास आजही मालकाचा निष्काळजीपणा कोर्टात सिद्ध करावा लागतो. दोष न पाहता भरपाई, हे जे या सुधारणेचे मूलतत्त्व, ते तेथे पोचलेच नाही. उलट ओहायो, वॉशिंग्टन, वायोमिंग व नॉर्थ डकोटा या राज्यांनी खाजगी विमाकंपन्यांना वगळून सरकारी निधी चालविला. असा प्रयोग काँग्रेसकडून झाला असता, असे वाटत नाही.

आता प्रस्तुत विषयाच्या गाभ्याकडे वळू. १९७० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य कायद्यान्वये राज्यांच्या भरपाई कायद्यांची तपासणी करण्यासाठी एक राष्ट्रीय आयोग नेमला गेला. अर्थशास्त्रज्ञ जॉन बर्टन हे त्याचे अध्यक्ष. सभासदांची नेमणूक निक्सन यांनी केलेली असल्याने आयोग कामगारपक्षाचा होता असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही जुलै १९७२ च्या अहवालात राज्यांचे कायदे सामान्यतः अपुरे व अन्यायकारक आहेत, असे एकमताने नमूद झाले. एकूण ८४ शिफारशींपैकी १९ अत्यावश्यक ठरविल्या गेल्या. कायदा सक्तीचा असावा, लहान मालकांना व शेतीला सूट नसावी, व्यवसायजन्य रोगांचा पूर्ण समावेश व्हावा, पूर्ण अपंगत्वात वेतनाचा दोनतृतीयांश भाग कालमर्यादेविना मिळावा, इत्यादी. राज्ये मागे का राहतात याचे उत्तरही आयोगाने टाळले नाही. विम्याचा हप्ता वाढला तर कारखाना शेजारच्या राज्यात जाईल, ही भीती विधिमंडळांना ग्रासून होती. ती कितपत खरी होती हा वेगळा प्रश्न; विधिमंडळात मत द्यावयास ती पुरेशी असे. म्हणूनच १ जुलै १९७५ पर्यंत राज्यांनी या शिफारशी न पाळल्यास काँग्रेसने त्या सक्तीने लागू कराव्यात, असे आयोगाने सुचविले.

काँग्रेसने तसे कधीच केले नाही. सेनेटर विल्यम्स व जॅव्हिट्स यांची विधेयके मंजूर झाली नाहीत. तथापि आकडे बोलके आहेत. १९७२ मध्ये १९ पैकी सरासरी सुमारे ७ शिफारशी पाळल्या जात. १९८० पर्यंत ही सरासरी १२ वर गेली. धाक ओसरल्यानंतरच्या पाव शतकात ती १३ लाही पोचली नाही. मधल्या काळात अनेक राज्यांनी लाभाच्या मुदती तोडल्या व पुराव्याच्या अटी कडक केल्या. टेक्सासमध्ये बहुतेक खाजगी मालकांना या व्यवस्थेत सामील होण्याची सक्ती आजही नाही. ओक्लाहोमाने २०१३ मध्ये बाहेर पडण्याची वेगळी वाट मालकांना करून दिली, ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंद केली.

यात एक विसंगती विशेष विचारात घेण्याजोगी आहे. १९५६ पासून सामाजिक सुरक्षा योजनेत अपंगत्वविमा आहे. राज्याने भरपाई तुटपुंजी दिली वा लवकर थांबविली, की कायमचा पंगू झालेला कामगार या संघीय विम्याच्या दाराशी येतो. म्हणजे मालकाचा हप्ता राज्याने हलका करावयाचा आणि त्याचा भार देशातील सर्व वर्गणीदारांनी उचलावयाचा! राज्यांच्या स्वायत्ततेचा पुरस्कार करणारांनी या हिशेबाचे उत्तर दिलेले नाही. नियंत्रण नको म्हणून जे संघसरकार दूर राहिले, ते खर्चातून मात्र सुटले नाही. आणि शिफारशींचे पालन कोणते राज्य किती करते, याची जी मोजणी संघीय श्रमखाते करीत असे, ती २००४ मध्ये बंद करण्यात आली.