रंगाखालचा गंज

26 जुलै 2017. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या जत्रेचा कोलंबसमध्ये पहिलाच दिवस. ‘फायरबॉल’ हा अजस्र पाळणा लंबकासारखे झोके घेत स्वतःभोवती गरगरत होता. संध्याकाळी त्याचा एक बाहू तुटला आणि माणसं आसनांसकट फेकली गेली. अठरा वर्षांचा एक मुलगा जागीच गेला, सात जण जखमी झाले. त्यातली एक तरुणी पुढच्या वर्षी दगावली. गव्हर्नर जॉन केसिक यांनी त्याच रात्री जत्रेतले सगळे पाळणे बंद करवले.

सुन्न करणारी गोष्ट अशी, की सरकारी तपासनिसांनी हा पाळणा तपासून पास केला होता.

मग चुकलं कुठे? केएमजी या डच उत्पादक कंपनीने काही दिवसांत कारण सांगितलं: आसनं पेलणारी पोलादी तुळई पोकळ होती, आणि वर्षानुवर्षं आतून गंजत तिची जाडी धोकादायकरीत्या घटली होती. बाहेरून रंग शाबूत. फिरते पाळणे सुटे करून ट्रकवर चढतात, उघड्यावर पडून राहतात. पोकळ भागात ओल शिरली की लवकर निघत नाही. नट-बोल्ट आणि सुरक्षापट्टे पाहणाऱ्या नजरेला हे दिसणार कसं? त्यासाठी अल्ट्रासॉनिक जाडीमापक लागतो. बाहेरून धातूला टेकवला की ध्वनिलहर आतल्या पृष्ठभागावर आपटून परतते आणि परतायला लागलेल्या वेळेवरून जाडी कळते. तुळई कापावी लागत नाही.

2019 साली ओहायोने त्या मुलाच्या नावाने कायदा केला. तपासणीचे निकष कडक झाले आणि पाळणा कुठे चालवला, कुठे साठवला याच्या नोंदी ठेवणं मालकावर बंधनकारक झालं. मला हे नोंदीचं कलम सर्वांत मोलाचं वाटतं. पाळणा किती पावसाळे उघड्यावर होता हे ठाऊक असेल, तरच तपासनीस आतल्या गंजाचा संशय घेईल.

अमेरिकेत देशभर मात्र एकसारखा कायदा नाही. फिरत्या पाळण्यांवर केंद्रीय ग्राहकसुरक्षा आयोगाचा अधिकार चालतो. कायमस्वरूपी उद्यानं 1981पासून त्याच्या कक्षेबाहेर, राज्यांच्या भरवशावर आहेत.

आपल्या जत्रांतले आकाशपाळणेही असेच गावोगाव सुटतात आणि बांधले जातात. पाळण्यांच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 15475 हे मानक आपल्याकडे आहे. परवाना देणाऱ्याने पाळणेवाल्याकडे आणखी एक कागद मागावा: मुख्य तुळयांची जाडी कधी मोजली, किती भरली आणि मूळ किती होती. तो नसेल, तर पाळणा उभाच राहू देऊ नये.