फी कशाची घ्यायची? गाण्याची शिकवणी सुरू करणाऱ्यांसाठी

मागच्या व्याख्यानानंतर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतली एक आज मुद्दाम घेतो. लिहिणारी संगीत विशारद आहे. नोकरी सोडून घरीच गाण्याची शिकवणी सुरू करायची म्हणते. ती लिहिते की फी सांगायची वेळ आली की जीभ अडखळते, विद्या विकल्यासारखं वाटतं. प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि पोटाचाही आहे. दोन्ही एकदमच घेऊ.

विद्या विकू नये ही भावना आपल्याकडे जुनी. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त पहिल्याच अंकात दोन नाट्याचार्य, गणदास आणि हरदत्त, श्रेष्ठ कोण म्हणून हमरीतुमरीवर येतात. तिथे गणदास म्हणतो की ज्याची विद्या केवळ उपजीविकेसाठी, त्याला लोक ज्ञानाचा व्यापारी म्हणतात. आता गंमत बघा. हे बोलणारा स्वतः राजाच्या पदरी वेतनावर आहे, आणि विदूषक टोमणा मारतो की यांना फुकट पगार कशाला द्यायचा, होऊन जाऊ दे झुंज! म्हणजे वेतन घेण्याला कालिदासाची हरकत दिसत नाही. त्या वाक्यातला 'केवळ' हा शब्द आपण सोयीस्करपणे गाळतो, एवढंच.

कुणी म्हणेल, गुरुकुलात कुठे फी होती? नव्हती. पण गंडा बांधल्यावर शिष्य वर्षानुवर्षं गुरूच्या घरी राबायचा, आणि गुरूचं पोट दरबारावर चालायचं. मोबदला होताच, फक्त त्याला दर नव्हता. दरबार ओसरत गेले तेव्हा प्रश्न उघडा पडला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, छापील पुस्तकं. आज तुम्ही दिवाणखान्यात सतरंजी टाकून पाच ते पावणेसहाची बॅच घेता, त्या घड्याळाचं मूळ तिथे आहे. पैशाच्या बाजूनं मात्र त्यांनाही सुख लागलं नाही. मुंबईच्या शाळेची इमारत पुढे कर्जापायी गेली.

तर मोबदला कशाचा? इथे ग्रीकांकडे जायला हवं, कारण हा वाद त्यांनी खुल्लमखुल्ला घातला. प्रोटॅगोरस हा फी घेऊन शिकवणारा नामवंत सोफिस्ट. प्लेटोच्या संवादात तो आपली पद्धत सांगतो: माझी फी जास्त वाटली तर विद्यार्थ्यानं देवळात जावं, शिकलेल्याची किंमत काय ते शपथेवर सांगावं आणि तेवढंच द्यावं. ऐकायला उदार वाटतं, नाही का? पण शिकवणीत हे चालणार नाही. सहा महिने अलंकार घोटलेल्या मुलाला आपण काय शिकलो हे कळतच नाही. ते कळायला कधीकधी दहा वर्षं लागतात. तोपर्यंत तुमचं वीजबिल कोण भरणार?

ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात एका वादकाची गोष्ट दिली आहे. त्याला सांगितलं होतं की जितकं छान गाशील तितका जास्त मोबदला. सकाळी तो मागायला गेला, तर उत्तर मिळालं: तू मला आनंद दिलास, मी तुला आशेचा आनंद दिला, फिटंफाट! (हशा) ॲरिस्टॉटलचा मुद्दा असा की दोघांना वेगवेगळी गोष्ट हवी असेल तर देवाणघेवाण खरी होतच नाही. आणि शिकवणीत नेमकं हेच घडतं. पालकांना प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशी प्रमाणपत्रं हवी असतात, नाहीतर गॅदरिंगमध्ये एक गाणं. तुम्हाला मुलाचा षड्ज लागायला हवा असतो. पहिल्याच दिवशी विचारा, तुम्हाला काय हवंय? आणि टीव्हीवर चमकवण्याचं आश्वासन देऊ नका. तो उलटा सौदा झाला, फी घेऊन आशा विकायची. विद्या विकण्यापेक्षा हे विकणं मला जास्त खुपतं.

माझं मत असं, की फी रागाची नसते. यमन तुमच्या मालकीचा नाही, तो विकताच येत नाही. फी असते राखून ठेवलेल्या वेळेची आणि त्या वेळात दिलेल्या लक्षाची. हे एकदा मनात बसलं की व्यवहाराचे नियम आपोआप निघतात. फी तासावर नको, महिन्याची हवी, आणि आगाऊ. मूल आलं नाही तरी त्याची जागा तुम्ही दुसऱ्याला दिलेली नसते; म्हणून त्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत. तुम्ही स्वतः गैरहजर राहिलात तर मात्र तास भरून द्यायचा. हे तोंडी नको, एका कागदावर लिहून पालकांच्या हाती द्या. लिहिलेलं असलं की जीभ अडखळत नाही.

आता हिशेब. समजा आठ विद्यार्थी, प्रत्येकी हजार रुपये. महिन्याला आठ हजार म्हणून खूश होऊ नका. मार्चमध्ये परीक्षा, मेमध्ये गाव. दहा महिने धरा. वर्षाचे ऐंशी हजार, म्हणजे महिन्याला साधारण सहा हजार सातशे. आणि आठवड्यातून दोनदा पाऊण तास स्वतंत्र शिकवलंत तर वेळ झाला आठवड्याला बारा तास. एवढ्यावर घर चालेल का, हे नोकरीचा राजीनामा देण्याआधी बघा, नंतर नाही. माझा सल्ला, पहिलं वर्ष नोकरी सांभाळून शनिवार-रविवार शिकवा. पेटी आणि मोबाइलमधला तानपुरा सुरुवातीला पुरतो. शेजाऱ्यांना मात्र आधी भेटून वेळ सांगा.

एक गोष्ट नवखे हिशेबात धरतच नाहीत, ती म्हणजे गळा. मुलांचा सूर वेगळा, तुमचा वेगळा. त्यांच्या पट्टीत बारा तास म्हणून दाखवायचं म्हणजे आवाजावर ताण येतो, आणि संध्याकाळी स्वतःच्या रियाझाला काही उरत नाही. म्हणून सकाळ कुठल्याही बॅचला द्यायची नाही, कितीही फी मिळत असली तरी. तुम्ही अजून कुणाकडे शिकत असालच. त्या तालमीचे पैसे आणि जाण्यायेण्याचं भाडं खर्चाच्या बाजूला पहिल्या ओळीत लिहा, वीजबिलाच्याही वर.