बॉनेट उघडताना – 7 : कॅपवरची ओल

कार्बोरेटरच्या फ्लोटबद्दल आज लिहिणार होतो. तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मढच्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे आणि पाऊस संपायच्या आत त्याचं उत्तर जायला हवं.

त्यांच्या घरी प्रीमिअर पद्मिनी आहे. आषाढ लागला की सकाळी ती चालू होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, टाकीत पेट्रोल आहे, पण इंजिन पकडत नाही. दुपारी टोचन करून ओतूरला नेली की पहिल्याच चावीला सुरू. मेकॅनिक म्हणतो, फॉल्टच नाही. आता कार्बोरेटर खोलून घ्यावा का, असं ते विचारतात.

मुळीच नको. आपला क्रम आठवा : सेल्फ, स्पार्क, मग पेट्रोल. सेल्फ पास झाला आहे. जी गाडी फक्त ओल्या सकाळी अडते आणि ऊन किंवा कोरडा वारा लागला की सुधारते, तिचा संशयित एकच : डेल्कोची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची, कॅप.

मढ माळशेजच्या माथ्यापासून जवळ. घाटातून वर आलेलं धुकं थेट गावात शिरतं, शेजारी पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी. दोरीवरचे कपडे जिथे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे बॉनेटखालची कॅप कोरडी कशी राहील?

कॉइल बॅटरीच्या 12 व्होल्टचे काही हजार व्होल्ट करते. हा करंट कॅपमधून एकेका प्लगला जातो आणि तिथे सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेतून त्याला उडी मारावी लागते. ती उडी अवघड. कॅपवर धूळ, तेल आणि ओल यांचा पातळ थर असेल तर त्यावरून सरपटत बॉडीला जाणं कितीतरी सोपं. करंट सोपी वाट धरतो, प्लग कोरा राहतो.

त्यात आपण सेल्फ मारत राहतो. पॉइंट-कॉइलची ही रचना आणि विजेवरचा सेल्फ, दोन्ही अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांची देणगी. कॅडिलॅक गाड्यांत पहिली 1910 ला आली, दुसरा 1912 ला. दोन्ही एकाच बॅटरीवर जगतात. सेल्फ फिरताना चांगली बॅटरीही 10 व्होल्टच्या आसपास उतरते, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी कॉइलला कमी मिळतं. शिवाय प्रत्येक प्रयत्नाला पेट्रोल येतच राहतं आणि प्लग भिजतात. धक्का मारून गाडी चालू होते ती याचमुळे : सेल्फचा भार नसतो, कॉइलला बॅटरीचा पूर्ण जोर मिळतो.

खात्री करायची असेल तर पहाटे अंधारातच करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. बॉनेट उघडा, दिवा विझवा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. कॅपवर किंवा वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर चोर सापडला. हात लावू नका. मफलर, ओढणी पंख्यापासून लांब ठेवा.

मग चावी बंद करून कॅप काढा. सुती, कोरड्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसा. रोटर, प्लगच्या वायरी आणि कॉइलचं तोंडही पुसा. प्लग भिजले असतील तर काढून वाळवा. कॅप उजेडाकडे धरून बघा : आतल्या बाजूला केसासारखी काळी रेघ दिसली तर ती करंटनं जाळून पाडलेली कायमची वाट आहे. पुसून ती जात नाही, कॅपच बदलायची. रेघ नसेल तर पुसणं पुरतं.

आणखी एक. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. गाडीचं तोंड घाटाकडे असेल तर ग्रीलमधून तुषार थेट इंजिनवर येतात. रात्री तोंड पूर्वेला, ओतूरकडे करून लावा. बिनखर्चाचा उपाय आहे, आणि माझ्या पाहण्यात याइतका गुणकारी दुसरा नाही.

एवढं करूनही पकडली नाही, तर मात्र पेट्रोलकडे वळायचं. तिथे फ्लोट भेटतोच. पुढच्या आठवड्यात तोच उघडू. मढकरांनी कॅपला रेघ निघाली का, ते जरूर कळवावं.