सुटकेची विद्या : कुस्ती आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू

पंचशील पाळणाऱ्याने अंगावर धावून आलेल्याचा प्रतिकार करावा काय, हा प्रश्न विद्यार्थी व पालक दोघांच्याही मनात असतो. विनयपिटकात त्याचे उत्तर सापडते. रागाच्या भरात दुसऱ्या भिक्खूवर प्रहार करणे हा दोष आहे, असे पाचित्तिय नियमांतील ७४ वा नियम सांगतो. मात्र कोणी छळत असता केवळ सुटका करून घेण्याच्या हेतूने प्रहार केला, तर तो दोष ठरत नाही. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतील भेद स्पष्ट करून तथागतांच्या अहिंसेचा अर्थ उलगडला आहे. म्हणजे आत्मरक्षणाचे माप विजय हे नसून सुटका हे आहे. याच मापाने दोन विद्यांची पारख करू.

पहिली विद्या आपल्या मातीतली. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकले की तो चितपट होतो आणि कुस्ती संपते. त्यामुळे पैलवानाची सारी तालीम तोल राखणे, धरलेला हात सोडविणे आणि पट काढून किंवा ढाक लावून दुसऱ्याला पाडणे यांवर उभी असते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात ही विद्या बहरली. तेथील खासबाग मैदान १९१२ सालचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परंतु या विद्येलाही मर्यादा आहे. पाठ टेकताच कुस्ती संपत असल्याने, खाली पडल्यावर काय करावे याची सवय पैलवानाला फारशी नसते.

दुसऱ्या विद्येचा प्रारंभ नेमका तेथेच होतो. जपानमध्ये कानो जिगोरो यांनी १८८२ साली ज्युदोची कोदोकान ही संस्था स्थापली. तेथील मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचले. त्यांच्याकडून ग्रेसी कुटुंबाने ही विद्या घेतली आणि तिच्यातील जमिनीवरील झुंजीचा भाग विशेष वाढविला. पाठीवर पडलेला माणूस पायांची कैची घालून वरच्याला रोखतो, त्याचा कोपर किंवा मान पकडीत आणतो, अथवा कूस बदलून निसटतो. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे वजनगट नसलेल्या स्पर्धेत रॉयस ग्रेसी यांनी आपल्याहून वजनदार प्रतिस्पर्ध्यांना एकाच रात्री नमविले, तेव्हा जगाचे लक्ष या विद्येकडे गेले. अंगबळाने कमी असलेल्याला ती आशा देते, हे तिचे मोठेपण.

तथापि रस्ता म्हणजे हौदा नव्हे आणि गादीही नव्हे. आपल्या वाडीतील अमरावती मार्गाचाच विचार करा. खाली डांबर आणि गिट्टी, बाजूने धावणारे ट्रक, आणि समोर कदाचित एकटा नव्हे तर तिघे. अशा ठिकाणी एकाला जमिनीवर जखडून बसणे म्हणजे उरलेल्या दोघांच्या लाथांखाली सापडणे होय. तेथे पायांवर उभे राहायला शिकविणारी कुस्ती अधिक उपयोगी पडते. उलट, एखाद्या मुलीला कोणी खोलीत वा निर्जन जागी खाली दाबून धरले, तर खालून निसटण्याचे जिउ-जित्सूचे शिक्षणच तिच्या कामी येईल. शस्त्रापुढे मात्र या दोन्हींवर विसंबू नये. मोठ्याने ओरडावे, पळावे, माणसांत पोहोचावे.

म्हणून माझ्या मते निवासी शाळेने क्रम असा ठेवावा : आधी कुस्तीचा तोल आणि पकड सोडविणे, मग जमिनीवरून निसटून उभे राहण्याचे मोजके धडे. जिउ-जित्सूचा प्रशिक्षक न मिळाल्यास अडू नये. ज्युदो हा शालेय क्रीडा स्पर्धांतील खेळ आहे आणि जिउ-जित्सूचे मूळही त्यातच आहे. हे शिक्षण मुलींना मुलांइतकेच मिळावे. आखाड्याची माती स्त्रियांना दीर्घकाळ निषिद्ध होती; महाराष्ट्र केसरीची महिलांसाठी पहिली स्पर्धा २०२३ साली सांगलीत झाली, यावरून तो विलंब ध्यानी यावा.

या शिक्षणाबरोबर कायदाही शिकवावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे. पण बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरण्याची मुभा आहे. हल्लेखोर पळू लागल्यावर त्याचा पाठलाग करून मारणे हा बचाव नव्हे.

२० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून परतलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. प्रतिकार करू शकणारे सैन्यातील निवृत्त लोक तेथे होते. तरीही बाबासाहेबांनी त्यांना शांत राहण्यास सांगितले आणि लढा न्यायालयात नेला. तो संयम दुबळ्यांचा नव्हता. हात उगारण्याचे सामर्थ्य असूनही तो आवरणारे, आणि गरज पडल्यास स्वतःला व शेजारच्याला सोडवू शकणारे विद्यार्थी आपल्या शाळांतून घडावेत.