सतरा विद्यार्थी आणि एक भाषा : जर्मनीतील सोर्ब गाव क्रॉस्टविट्स

जर्मनीच्या पूर्वेकडील सॅक्सनी राज्यात, बाउट्सेन आणि कामेन्ट्स या शहरांच्या दरम्यान क्रॉस्टविट्स नावाची एक छोटी ग्रामपालिका आहे. लोकसंख्या सुमारे एक हजार. शेते, साटकुला नावाचा ओढा, लांबून दिसणारा चर्चचा मनोरा आणि आसपासच्या काही वाड्या एवढाच तिचा विस्तार. गावाच्या वेशीवरील पाटीवर मात्र दोन नावे आढळतात. क्रॉस्टविट्स हे जर्मन नाव, तर ख्रोस्चित्सी हे सोर्बियन. येथील बहुसंख्य रहिवासी घरात, अंगणात आणि चर्चमध्ये सोर्बियन भाषा बोलतात. जर्मनीत ही भाषा बहुसंख्याकांची आहे अशा ग्रामपालिका आता मोजक्याच उरल्या असून त्यांत क्रॉस्टविट्सची गणना होते.

ऑगस्ट २००१ मध्ये या गावाचे नाव अचानक जर्मनीभरच्या वृत्तपत्रांत झळकले. कारण वरकरणी किरकोळ होते. गावातील माध्यमिक शाळेत पाचवीच्या वर्गासाठी १७ मुलांनी नाव नोंदवले होते आणि नियमानुसार किमान २० मुले आवश्यक होती. या तीन मुलांच्या तफावतीवरून निर्माण झालेला वाद समजून घ्यायचा, तर सोर्ब कोण आणि त्यांची भाषा याच परिसरात कशी टिकली, हे आधी पाहावे लागते.

सोर्ब हे स्लाव वंशाचे लोक. पोलिश, चेक आणि स्लोव्हाक यांच्याशी त्यांच्या भाषेचे जवळचे नाते आहे. सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास स्लाव टोळ्या एल्बे नदीपर्यंत पसरल्या. दहाव्या शतकात जर्मन राजांनी हा मुलूख जिंकला. पुढील हजार वर्षांत बहुतेक स्लाव जर्मनांमध्ये मिसळून गेले. फक्त लाउसिट्स या प्रदेशात त्यांची वस्ती भाषेसह शिल्लक राहिली. सोर्बांचे स्वतःचे राष्ट्र कधीच नव्हते. चेक किंवा पोलिश अल्पसंख्याकांना जसा सीमेपलीकडच्या मायदेशाचा आधार असतो, तसा आधारही त्यांना नाही. त्यांची संख्या साधारणपणे ६०,००० सांगितली जाते. त्यांपैकी सुमारे ४०,००० सॅक्सनीत आणि उर्वरित ब्रांडेनबुर्ग राज्यात. हा अंदाजच आहे, कारण जर्मनीच्या जनगणनेत वांशिक ओळख विचारली जात नाही. स्वतःला सोर्ब म्हणवून घेण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास असून कायद्यानुसार कोणासही त्याचा पुरावा मागता येत नाही. भाषा रोज बोलणाऱ्यांची संख्या याहून बरीच कमी आहे.

सोर्बियनची दोन लिखित रूपे आहेत. क्रॉस्टविट्स परिसरातील उच्च सोर्बियन हे रूप चेक भाषेला जवळचे, तर ब्रांडेनबुर्गमधील निम्न सोर्बियन हे पोलिशला. मराठी वाचकांना या भाषेतील एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटेल, ती म्हणजे द्विवचन. संस्कृतात हस्तः, हस्तौ, हस्ताः अशी तीन वचने असतात. त्याचप्रमाणे सोर्बियनमध्ये एक हात ‘रुका’, दोन हात ‘रुत्से’ आणि अनेक हात ‘रुकी’. मराठीने हे द्विवचन केव्हाच टाकून दिले आणि बहुतेक युरोपीय भाषांनीही. सोर्बियन आणि स्लोव्हेनियन या भाषांनी मात्र ते आजतागायत जपले आहे.

क्रॉस्टविट्समध्येच ही भाषा का टिकली, याचे उत्तर जवळच्या एका मठात सापडते. पान्शविट्स-कुकाऊ येथील सांक्ट मारियनश्टेर्न हा सिस्टर्शियन संघाच्या संन्यासिनींचा मठ १२४८ मध्ये स्थापन झाला. आसपासची गावे मठाच्या जमिनीवर वसलेली होती. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत लाउसिट्समधील बहुसंख्य सोर्ब प्रोटेस्टंट झाले. मठाच्या अमलाखालील गावे मात्र कॅथलिक राहिली. परिणामी जर्मन प्रोटेस्टंटांनी वेढलेले एक छोटे कॅथलिक बेट तयार झाले. शेजारच्या जर्मन गावांशी धर्म वेगळा असल्याने त्यांच्याशी सोयरीक क्वचितच होई, आणि भाषेभोवती आपोआप कुंपण उभे राहिले. धर्मगुरूही सोर्बियन जाणणारे मिळत. त्यांच्या शिक्षणासाठी प्राग येथे अठराव्या शतकात सुरू झालेले विद्यालय १९२२ पर्यंत चालू होते. ‘कातोल्स्की पोसोऊ’ हे सोर्बियन धार्मिक नियतकालिक १८६३ पासूनचे. प्रोटेस्टंट सोर्ब गावांत मात्र उद्योगधंदे, बाहेरून आलेली वस्ती आणि जर्मन प्रवचने यांमुळे भाषा पिढीगणिक मागे सरत गेली.

या श्रद्धेचे सर्वांत देखणे दर्शन ईस्टरच्या रविवारी घडते. काळा लांब कोट आणि उंच काळी टोपी घातलेले पुरुष सजवलेल्या घोड्यांवर स्वार होऊन, सोर्बियन भाषेत स्तोत्रे गात, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची वार्ता शेजारच्या गावी नेतात. क्रॉस्टविट्सचे स्वार पान्शविट्स-कुकाऊला जातात आणि तेथील स्वार क्रॉस्टविट्सला येतात. दोन्ही मिरवणुका वाटेत एकमेकींना भेटू नयेत असा संकेत असल्याने मार्ग निरनिराळे ठेवले जातात. प्रथमच स्वारी करणाऱ्या मुलाच्या कोटावर हिरवी माळ असते. पंचवीस वर्षे स्वारी केलेल्यास रुपेरी आणि पन्नास वर्षे केलेल्यास सोनेरी माळ मिळते. शेतीत ट्रॅक्टर आल्यापासून घरोघरी घोडे उरलेले नाहीत. ईस्टरसाठी ते दूरदूरहून भाड्याने आणावे लागतात, हा खर्च सोसूनही प्रथा सुरू आहे. सर्व मार्गांवरील स्वारांची एकत्रित संख्या दीड हजाराच्या आसपास जाते. प्रेक्षक कितीही जमोत, स्वारांच्या दृष्टीने ही उपासनाच असते.

राजकीय इतिहासातही या गावाला स्थान आहे. सोर्बांची मध्यवर्ती संघटना दोमोविना १९१२ मध्ये होयर्सवेर्डा येथे स्थापन झाली आणि १९३७ मध्ये नाझी राजवटीने तिच्या कामावर बंदी घातली. सार्वजनिक जीवनातून सोर्बियन भाषा हद्दपार करण्यात आली. शिक्षक आणि धर्मगुरूंच्या सक्तीने दूर बदल्या झाल्या. एप्रिल १९४५ मध्ये या परिसरात घनघोर लढाई झाली. तीत धारातीर्थी पडलेल्या पोलिश सैनिकांचे स्मारक आजही गावाजवळ उभे आहे. युद्ध संपताच, १० मे १९४५ रोजी, दोमोविनाची पुनःस्थापना क्रॉस्टविट्समध्येच झाली.

पूर्व जर्मनीच्या राजवटीने सोर्बांना बरेच काही दिले. १९४८ च्या कायद्याने शाळा, नाट्यगृह, प्रकाशनसंस्था यांना आधार मिळाला. त्याच राजवटीत लिग्नाइट कोळशाच्या खाणींसाठी लाउसिट्समधील शंभराहून अधिक गावे पूर्णतः वा अंशतः उठवण्यात आली, शेती सामुदायिक झाली आणि १९६४ नंतर सोर्बियनचे अध्ययन ऐच्छिक होताच विद्यार्थी झपाट्याने घटले. कोळशाचे थर उत्तरेकडे असल्याने क्रॉस्टविट्स त्या संकटातून बचावले. १९९० मध्ये दोन्ही जर्मनींचे एकीकरण झाले, तेव्हा सोर्ब भाषा आणि संस्कृतीच्या रक्षणाची हमी एकीकरण कराराच्या जोडपत्रात दिली गेली. सॅक्सनीच्या १९९२ च्या राज्यघटनेतही तिचा समावेश झाला.

एवढी हमी असताना २००१ चा पेच उद्भवला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एकीकरणानंतर पूर्व जर्मनीतील जन्मांची संख्या काही वर्षांतच निम्म्याहून खाली आली. तरुण कुटुंबे रोजगारासाठी पश्चिमेकडे गेली. दहा वर्षांनी त्याचा परिणाम शाळांच्या पटावर दिसू लागला आणि सॅक्सनीत शेकडो शाळा बंद झाल्या. सॅक्सनीत प्राथमिक शिक्षण चौथीपर्यंत असते. पाचवीपासून मुले माध्यमिक शाळेत जातात. क्रॉस्टविट्सच्या शाळेत पाचवीचा वर्ग उघडण्यास राज्याच्या शिक्षण खात्याने परवानगी नाकारली आणि मुलांनी जवळच्या दुसऱ्या सोर्ब शाळेत जावे असे सांगितले.

पालकांनी ते मान्य केले नाही. शाळा सुरू होण्याच्या दिवशी मुले गावच्याच शाळेत हजर झाली. निवृत्त शिक्षकांनी त्यांना शिकवण्याची जबाबदारी घेतली आणि मान्यता नसलेला हा वर्ग काही आठवडे चालला. सोर्बियनमध्ये या घटनेला ‘ख्रोस्चित्सीचा उठाव’ म्हणतात. एरवी शांत, श्रद्धाळू आणि कायदा पाळणारी अशी या गावांची ख्याती. त्यामुळे हा शब्द अधिकच ठसठशीत वाटतो.

शासनाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. शेजारची शाळाही सोर्बच होती, अंतर फार नव्हते, आणि मुले एकत्र आली तर तेथील वर्ग भरला असता. पालक आणि दोमोविना यांचा युक्तिवाद वेगळा होता. २० चा आकडा बहुसंख्याकांच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला आहे. विखुरलेल्या, छोट्या भाषिक समाजाला तोच मापदंड लावला, तर राज्यघटनेतील हमी कागदावरच राहते. शिवाय, घर आणि चर्च यांच्यानंतर सोर्बियन ही रोजच्या व्यवहाराची भाषा म्हणून वापरण्याची तिसरी जागा शाळाच आहे. गणित, भूगोल, मैदानावरची भांडणे हे सारे ज्या भाषेत होते, ती भाषा मूल मोठेपणी सोडत नाही. केवळ प्रार्थनेपुरती शिकलेली भाषा सुटते. एकंदर पाहता हा दुसरा मुद्दा अधिक वजनदार ठरतो.

निर्णय बदलला नाही. वरचे वर्ग पूर्ण होईपर्यंत शाळा तग धरून होती. २००३ मध्ये ती बंद झाली. २००७ मध्ये पान्शविट्स-कुकाऊच्या माध्यमिक शाळेवरही तीच वेळ आली. युरोप परिषदेच्या अहवालांत क्रॉस्टविट्सच्या शाळेचा चिंतेच्या सुरात उल्लेख झाला. जर्मनीने प्रादेशिक व अल्पसंख्याक भाषांविषयीचा युरोपीय करारनामा १९९८ मध्येच मान्य केलेला होता.

या दरम्यान भाषा शिकवण्याची पद्धतीही बदलली. घरी सोर्बियन न बोलणाऱ्या मुलांना बालवाडीपासून याच भाषेत वावरू देण्याचा ‘विताय’ हा उपक्रम १९९८ मध्ये कॉटबुस येथे, फ्रान्समधील ब्रेटन शाळांच्या धर्तीवर सुरू झाला आणि पुढे सॅक्सनीत पसरला. सॅक्सनीच्या शाळांत सोर्बियन आणि जर्मन दोन्ही माध्यमांतून शिकवण्याची ‘२ प्लस’ ही योजना लागू झाली. त्यामुळे वर्गात मातृभाषक आणि नवशिके शेजारी शेजारी बसतात. पट टिकतो, पण मधल्या सुट्टीत जर्मन अधिक ऐकू येते, अशी चिंता व्यक्त होते. २००८ ते २०१७ या काळात स्टानिस्लाव टिलिख हे सोर्ब नेते सॅक्सनीचे मुख्यमंत्री होते. मे २०२५ पासून सोर्ब स्त्रियांना आडनावाची पारंपरिक रूपे अधिकृत कागदपत्रांत वापरण्याची मुभा मिळाली आहे. म्हणजे नोवाक यांची पत्नी नोवाकोवा आणि कन्या नोवाकेट्स असे लिहिता येते.

क्रॉस्टविट्सची प्राथमिक शाळा दुसऱ्या महायुद्धात तरुणपणीच मृत्यू पावलेल्या यूरी ख्येश्का (१९१७–१९४४) या कवीच्या नावाची आहे. त्यांचा जन्म याच ग्रामपालिकेतील होर्का या वाडीत झाला होता. गावातील माध्यमिक शाळा बंद झाल्यापासून चौथी उत्तीर्ण झालेली मुले राल्बिट्स, रेकेलविट्स किंवा बाउट्सेनच्या सोर्ब शाळांची वाट धरतात.