सात सेकंदांचा हिशेब

गेल्या दिवाळीत मामा राजगुरुनगरहून आले होते. फराळ झाला, ताटं उचलली गेली, बायका-पोरं गच्चीवर गेली आणि मी हळूच आतल्या खोलीत शिरून इटलीला निघालो. म्हणजे खुर्चीत बसलो, टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग धरलं आणि स्क्रीनवरच्या मोंझा ट्रॅकवर गाडी सोडली. मामा मागे येऊन उभे राहिले. तीन फेऱ्या निमूट पाहिल्या आणि म्हणाले, "बारी कितीत बसली?"

"एक मिनिट छप्पन."

"छप्पन आन् किती पॉइंट?"

खेड, आंबेगाव, जुन्नरकडच्या बैलगाडा शर्यती ज्यांनी पाहिल्यात त्यांना या प्रश्नाचं नवल वाटणार नाही. तिकडे गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. एकेक गाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या पट्ट्यावर, सुटतो, ही त्याची बारी; त्याची लढत घड्याळाशी असते आणि घाटाचा राजा कोण हे सेकंदाच्या पॉइंटांवर ठरतं. मामा चाळीस वर्षं हे बघत आलेत. एस.टी.त ड्रायव्हर होते, भीमाशंकरच्या गाडीवर बरीच वर्षं काढली. रेसिंगचा खेळ त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, पण विचारायचं काय हे त्यांना बरोबर कळलं.

उत्तर होतं १:५६.४. मी हा लेख लिहितोय तेव्हा ते १:४९.३ वर आलंय. मधले सात सेकंद कुठून आले त्याचा हा हिशेब. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम करतो, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आधी जागेबद्दल. मोंझा मिलानजवळ आहे. १९२२ साली बांधलेला हा ट्रॅक आज ५७९३ मीटर लांबीचा आहे आणि त्यात वळणं फक्त अकरा. बाकी सगळा जोरात पळायचा रस्ता. १९७१ च्या इटालियन ग्रां प्रीमध्ये इथे पीटर गेथिनने रॉनी पीटरसनला ०.०१ सेकंदाने हरवलं आणि पहिले पाच जण ०.६१ सेकंदांत आत आले. एक पॉइंट! पुढच्याच वर्षी वेग आवरायला ट्रॅकवर शिकेन टाकल्या, म्हणजे मुद्दाम घातलेली नागमोडी वळणं.

मी जो खेळ खेळतो तो रोमजवळ वाल्लेलुंगा ट्रॅकवर ऑफिस थाटलेल्या कुनोस सिमुलात्सिओनी या कंपनीचा, 'असेत्तो कोर्सा कोंपेतित्सिओने'. पूर्ण रूपात तो २०१९ मध्ये आला. त्यातले ट्रॅक लेझर स्कॅन करून घेतलेले आहेत, त्यामुळे कर्बचा, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या पट्टीचा, उंचवटा, डांबराचा खळगा जिथे आहे तिथेच हाताला लागतो. गाडी माझी एकच, फेरारी ४८८ जीटी३. गाडी बदलायची नाही हा पहिला नियम. दर दोन दिवसांनी नवी गाडी घेणारे मित्र वर्षभर होते तिथेच आहेत.

पहिले दोन सेकंद जवळपास फुकट मिळाले. पेडल फरशीवर सरकत होती. घाबरून जोरात ब्रेक दाबला की सगळा संच पुढे, आणि मी त्याच्यामागे खुर्चीत घसरत. देवघरातला जुना पाट भिंत आणि पेडल यांच्यामध्ये अडकवला. चाकांची खुर्ची काढून जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची आणली. पाय एकाच जागी टेकायला लागल्यावर पायाला ओळख होऊ लागली.

मग स्क्रीन. मी ती भिंतीला चिकटवून दूर ठेवली होती आणि खेळात दृश्याचा कोन भलता मोठा केला होता, कारण तसं केलं की डावी-उजवीकडचं जास्त दिसतं आणि वेग भन्नाट वाटतो. पण वळण असतं त्याहून लांब दिसतं आणि अंतराचा अंदाज चुकतो. सत्तावीस इंची स्क्रीन साधारण साठ सेंटिमीटर रुंद असते. डोळ्यापासून साठ सेंटिमीटरवर ठेवली तर तिचा खरा आडवा कोन त्रेपन्न अंश भरतो. टेपने मोजून तो आकडा घातला. काही खेळ उभा कोन मागतात, काही आडवा, तेवढं बघून घ्यावं. पहिले दोन दिवस गाडी बैलगाडीसारखी वाटली, तिसऱ्या दिवशी वेळ कमी झाली.

वळणात गाडी कुठल्या रेषेने न्यायची याबद्दल फार लिहीत नाही. बाहेरून आत, आतून बाहेर हे रिक्षावाल्यांनाही ठाऊक असतं. गणित इतकंच, की वळणाची त्रिज्या दुप्पट झाली तर तीच पकड सुमारे १.४ पट वेग झेलते. म्हणून रस्त्याची पूर्ण रुंदी वापरायची. माझ्या गाडीच्या आणि बाहेरच्या पांढऱ्या पट्टीच्या मध्ये एक स्कूटर जाईल एवढी जागा उरायची. कशासाठी ठेवत होतो कोण जाणे, पुण्यातली सवय असावी.

खरा मामला पुढे आहे, तो ब्रेकचा.

मोंझाच्या मुख्य सरळ रस्त्याच्या शेवटी पहिली शिकेन येते. ताशी २५० च्या पुढून थेट सत्तरच्या आसपास यायचं, मग उजवीकडे, लगेच डावीकडे. रस्त्याकडेला अंतराच्या पाट्या आहेत. मी दोनशेच्या पाटीला ब्रेक मारायचो. कुणीही सांगेल की उशिरा मार. मी तेच केलं. एकशे ऐंशी, एकशे सत्तर, महिनाभर तोच ध्यास. कधी गाडी थांबायची, कधी शिकेन ओलांडून सरळ जायची, आणि जेव्हा सगळं जमायचं तेव्हाही वेळ जवळजवळ तीच!

माझ्याबरोबर खेळणारा नाशिकचा इंजिनिअरिंगचा एक पोरगा आहे, १:४७.९ वाला. त्याने त्याच्या फेरीची फाइल पाठवली. मोटेक नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीचं सॉफ्टवेअर खऱ्या रेसिंगचे संघ वापरतात, आणि हा खेळ त्यात उघडणाऱ्या फायली लिहून देतो. ब्रेक किती दाबला, एक्सिलरेटर किती, स्टिअरिंग किती वळलं, सगळं मीटरामीटराला. दोघांच्या आलेखाच्या रेषा एकावर एक टाकल्या. ब्रेक सुरू करण्याच्या जागेत आमच्यात जेमतेम गाडीच्या लांबीचा फरक होता. पण आकार? माझा ब्रेक म्हणजे टेबल: हळूहळू चढणारी एक बाजू, वर सपाट पृष्ठभाग आणि शेवटी कडेलोट. त्याचा म्हणजे बागेतली घसरगुंडी. शिडीसारखा ताडकन वर आणि मग लांबलचक, गुळगुळीत उतार, पार वळणाच्या आतल्या टोकापर्यंत. रेसिंगवाले याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात.

असं का करायचं? टायरची पकड ठरावीक असते. ती गाडी थांबवायला खर्च केली तर वळवायला कमी उरते. म्हणून जसजसं स्टिअरिंग वळतं तसतसा ब्रेक सुटत गेला पाहिजे. आणि ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं. त्या वजनामुळेच पुढची चाकं रस्ता धरतात. मी शेवटी पाय एकदम उचलायचो. त्याबरोबर नाक वर, पुढची चाकं हलकी, आणि नेमकं त्याच क्षणी मी त्यांना वळ म्हणायचो. गाडी अर्थातच सरळ जायची. मी मनात शिव्या देत स्टिअरिंग आणखी पिळायचो आणि तिला वळायची इच्छा होईपर्यंत वाट बघायचो. सगळा वेळ त्या वाट बघण्यात जात होता.

इथे मी कागदावर एक आकडेमोड केली आणि डोळे उघडले. ताशी २५० वेगाने दहा मीटर जायला ०.१४ सेकंद लागतो. तेच दहा मीटर ताशी सत्तरने जायला अर्ध्या सेकंदाहून जास्त. मी महिनाभर मिलिसेकंद शोधत होतो ते जिथे गाडी सुसाट असते तिथे, आणि ते सांडत होते जिथे गाडी रेंगाळते तिथे. नवशिका शौर्याच्या जागी वेळ शोधतो. मीही तेच केलं, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला ते कबूल करायला जरा जड जातं.

पण कळणं आणि पायाला वळणं यात बरंच अंतर असतं. ब्रेक किती दाबला हे माझं पेडल किती खाली गेलं यावरून ठरतं. महागड्या पेडलमध्ये दाब मोजणारा लोडसेल असतो, कारण पायाला अंतरापेक्षा जोर चांगला लक्षात राहतो. लोडसेल घ्यायचा तर घरात प्रस्ताव मांडावा लागला असता. त्याऐवजी बाथरूममधला काट्याचा वजनकाटा भिंतीला उभा टेकवला, सोफ्यावर बसलो आणि तळपायाने दाबायला लागलो. एका दमात तीस किलो. मग पंचवीस, वीस, पंधरा, दहा, काटा कुठेही न अडखळता खाली आला पाहिजे. दाबणं पहिल्याच दिवशी जमलं. सोडणं आठवडाभर जमेना. वीसवरून काटा थेट पाचवर पडायचा. बायकोने एकदा दारातून पाहिलं. "पाय बारीक करतोयस का?" म्हणाली आणि निघून गेली.

तीन आठवड्यांनी माझ्या टेबलाची घसरगुंडी व्हायला लागली. ओबडधोबड होती, पण पहिली शिकेन, रोज्जाची शिकेन आणि लेझ्मोची दोन वळणं मिळून अडीच सेकंद उतरले.

लेझ्मोनंतर रस्ता जुन्या, तिरक्या बांधणीच्या ओव्हलच्या पुलाखालून उतरतो आणि आस्कारी येते. १९५५ मध्ये अल्बेर्तो आस्कारी इथेच फेरारी चालवताना गेला, त्याचं नाव या जागेला आहे. डावं, उजवं, डावं अशा तीन वळणांत पहिल्यात लोभ केला की तिसऱ्यात फेडावं लागतं. मला ती अजून नीट येत नाही, म्हणून तिच्याबद्दल ज्ञान पाजळत नाही.

शेवटचं वळण पाराबोलिका. २०२१ पासून त्याचं नाव मिकेले अल्बोरेतोच्या नावावर आहे, पण सगळे जुन्याच नावाने हाक मारतात. हे वळण पुढे पुढे उलगडत जातं आणि मग सुमारे अकराशे मीटरचा मुख्य सरळ रस्ता. इथे आत शिरताना थोडा वेग सोडून द्यायचा आणि एक्सिलरेटर एकदा दाबला की परत उचलायचा नाही. मी आत जोरात शिरायचो आणि बाहेर पडताना वाळूच्या भीतीने पाय उचलायचो. अकराशे मीटरवर सरासरी २२० ऐवजी २२३ पडली तर जवळजवळ पाव सेकंद वाचतो. ताशी ते तीन किलोमीटर येतात ते पाराबोलिकातून लवकर आणि न कचरता रेस दिल्याने.

गाडीच्या सेटअपबद्दल लोक तासन् तास बोलतात. माझं मत थोडं कडवट आहे: सलग दहा फेऱ्या अर्ध्या सेकंदाच्या आत येत नाहीत तोवर स्प्रिंग-विंगला हात लावू नये. फरक सेटअपने पडला की आपल्या चुकीने, हेच कळत नाही. कारखान्यातही प्रोसेस हलती असताना मशिनची सेटिंग बदलणाऱ्याला आम्ही ओरडतो. टायरचा दाब तेवढा बघावा. या गाड्यांच्या कोरड्या ट्रॅकसाठीच्या टायरना गरम झाल्यावर साधारण २६ ते २७ पीएसआय मानवतो, आणि पहिल्या दोन फेऱ्या टायर थंडच असतात.

सरावही मी कमी केला. आधी रात्री दोन-दोन तास बसायचो. शेवटचा तास चिडचिडीचा आणि त्यात चुकाच पक्क्या व्हायच्या. आता चाळीस मिनिटं आणि एका दिवशी एकच वळण. स्क्रीनवर चालू फेरी पुढे आहे की मागे हे दाखवणारी पट्टी बंद केली. हिरवं दिसलं की हात घट्ट व्हायचे, लाल दिसलं की डोकं तापायचं. रात्री न जमलेलं सकाळी आपसूक जमतं, हा अनुभव वाद्य शिकणाऱ्यांनाही असतो. झोपेत मेंदू हालचाली मुरवतो हे आता शास्त्रही मानतं.

या सगळ्याचा खऱ्या गाडीशी संबंध काय, असं ऑफिसात विचारतात. यान मार्डनबरोचं उदाहरण मोठं आहे. २०११ मध्ये निस्सान आणि 'ग्रान तुरिस्मो' खेळाची जीटी अकॅडमी स्पर्धा त्याने जिंकली आणि २०१३ मध्ये ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या वर्गात तिसरा आला. उलटा किस्सा २०२० चा. टाळेबंदीत फॉर्म्युला ई ने घरबसल्या शर्यती भरवल्या, तेव्हा डॅनियल आब्ट या खऱ्या रेसरने आपल्या जागी एका पट्टीच्या सिम-रेसरला बसवलं. पकडला गेला, बाद झाला आणि त्याच्या आउडी संघाने त्याला निलंबित केलं. खऱ्या गाडीत मागचं चाक सुटतंय हे आधी बुडाला कळतं. खुर्चीत बुडाला काहीच कळत नाही. टायरचा आवाज आणि स्टिअरिंगचा थरकाप एवढ्यावरच भागवावं लागतं. मी पंख्याचा आवाज नको म्हणून खोलीतला पंखा बंद करून खेळतो. एप्रिलमध्ये हे काय असतं ते विचारू नका.

परवा गणपतीत मामा पुन्हा आले. या वेळी म्हणाले, मला बसव. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर उशी ठेवली. पहिल्या फेरीत सरळ रस्त्यावर शंभराच्या पुढे गेले नाहीत. दुसरीत थोडे मोकळे झाले, कुठेही कर्बला चाक लावलं नाही, लेझ्मोला हॉर्न शोधला. फेरी पूर्ण झाली, २:४१.८.

ते चहाला गेल्यावर मी सहज त्यांची फाइल उघडली. वेगाची रेषा म्हणजे बारामतीचं माळरान. पण खाली ब्रेकची रेषा बघून मी स्क्रीनजवळ सरकलो. प्रत्येक वळणाला तीच घसरगुंडी, कुठे खाच नाही, कडेलोट नाही, शेवटचा दाब कधी संपला ते बोट ठेवून सांगता येईना. मी हाक मारून त्यांना बोलावलं आणि विचारलं, पाय असा कसा सोडता?

"माणसं उभी असत्यात ना मागं," मामा म्हणाले. "एकदम सोडला तर पडत्यात. तुझी बारी किती आता?"

"एक एकोणपन्नास."

"पॉइंट?"