भूचर कासवांचा बंदिस्त निवारा

भूचर कासवांचा बंदिस्त निवारा म्हणजे माणसाच्या ताब्यात असलेल्या, जमिनीवर राहणाऱ्या कासवांसाठी खोलीत, पडवीत किंवा छताखाली तयार केलेली राहण्याची जागा होय. कासव हा शीतरक्ती सरीसृप आहे. शरीराचे तापमान राखण्यासाठी तो ऊन आणि सावली यांमध्ये फिरत राहतो. बंदिस्त जागेत ही मुभा आपोआप मिळत नाही. म्हणून ऊब, सावली, सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, ओलावा आणि चालण्यासाठी पुरेशी जमीन या पाच गोष्टी कृत्रिमरीत्या पुरवणे हा अशा निवाऱ्याचा हेतू असतो. भारतात असे निवारे प्रामुख्याने प्राणिसंग्रहालये आणि वन्यजीव उपचार केंद्रे येथे जप्त केलेल्या किंवा सापडलेल्या कासवांसाठी वापरले जातात.

कायदेशीर स्थिती

भारतात घरोघरी आढळणारे भूचर कासव बहुधा चांदणी कासव असते. त्यालाच स्टार कासव असेही म्हणतात. काळसर कवचावरील पिवळ्या, ताऱ्यासारख्या रेषांमुळे त्याला हे नाव मिळाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हे कासव पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या ‘साइटीस’ करारात त्याचा समावेश २०१९ मध्ये सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात करण्यात आला.

आफ्रिकेतील सुलकाटा कासवासारख्या काही परदेशी जातीही पाळल्या जातात. साइटीसच्या परिशिष्टांतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार आपल्या प्राण्यांची ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

घरात कासव ठेवल्याने लक्ष्मी नांदते, तसेच वीस नखांचे कासव गुप्तधन मिळवून देते, अशा समजुतींमुळे महाराष्ट्रात कासवांची चोरटी विक्री होते. चांदणी कासवाच्या पुढील पायांना साधारणपणे पाच-पाच आणि मागील पायांना चार-चार, म्हणजे एकूण १८ नखे असतात. देवळाच्या सभामंडपात दगडी कासव बसवण्याची परंपरा जुनी आहे. तिच्यासाठी जिवंत कासव घरात ठेवण्याची गरज नसते.

भूचर आणि पाणकासव यांतील फरक

निवारा उभारण्यापूर्वी कासवाची जात ओळखणे आवश्यक असते. भूचर कासवाचे कवच घुमटासारखे उंच आणि पाय खांबासारखे जाड असतात. त्याच्या बोटांमध्ये पडदे नसतात. पाणकासवाचे कवच तुलनेने चपटे व बोटे पडद्यांनी जोडलेली असतात. भूचर कासवाला पोहता येत नाही. ‘कासव पाण्यातच राहते’ या समजुतीतून ते विहिरीत, देवळाच्या कुंडात किंवा नदीत सोडल्यास बुडून मरते. उलट पाणकासव कोरड्या निवाऱ्यात ठेवल्यास त्याचेही हाल होतात.

जागा आणि बांधणी

लहान पिल्लासाठी सुमारे ४ फूट लांब व २ फूट रुंद, तर एका प्रौढ चांदणी कासवासाठी सुमारे ८ फूट लांब व ४ फूट रुंद जागा किमान मानली जाते. सुलकाटा कासव पूर्ण वाढल्यावर ५० किलोग्रॅमहून अधिक वजनाचे होऊ शकते, त्यामुळे ते खोलीत कायमचे ठेवणे व्यवहार्य नसते.

भिंती लाकडी फळ्यांच्या किंवा विटांच्या असतात. काच वापरली जात नाही, कारण कासवाला पारदर्शक अडथळा कळत नाही आणि ते त्यावर सतत धडका देते. भिंतीची उंची कासवाच्या लांबीच्या दुप्पट तरी असावी लागते. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून सांध्यांवर ताण येतो, म्हणून माती आणि काथ्याचा भुसा यांचा चार ते पाच इंच जाडीचा थर दिला जातो. निव्वळ वाळू टाळली जाते, कारण अन्नाबरोबर पोटात गेलेली वाळू आतड्यात साचते. लपण्यासाठी मोठे मडके उभे चिरून त्याचा अर्धा भाग पालथा ठेवता येतो. लपायला जागा नसलेले कासव अस्वस्थ राहते व खाणे कमी करते.

उष्णता आणि प्रकाश

संपूर्ण निवारा एकाच तापमानाला ठेवणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. चांदणी कासवासाठी एका टोकाला दिव्याखाली सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २७ अंश तापमान राखले जाते. त्यामुळे कासव गरजेनुसार जागा निवडते. दोन्ही टोकांना जमिनीलगत तापमापक ठेवावा लागतो. उष्णतेचा दिवा साखळीने घट्ट टांगलेला आणि तापमान-नियंत्रकाला जोडलेला असावा, अन्यथा आगीचा धोका संभवतो.

उष्णतेइतकेच महत्त्व अतिनील-ब किरणांना आहे. हे किरण त्वचेवर पडल्यावर शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे अन्नातील कॅल्शियम शोषले जाते. खिडकीच्या साध्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. त्यामुळे खिडकीशी उन्हात बसलेल्या कासवालाही त्यांची कमतरता भासते. कवच मऊ व वेडेवाकडे होते, पाय दुबळे पडतात. कासवाला रोज थेट ऊन मिळत नसल्यास अतिनील-ब नळी बसवावी लागते. नळीचा प्रकाश दिसत राहिला तरी हे किरण कमी होत जातात, म्हणून ती उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा सहा ते बारा महिन्यांनी, बदलली जाते.

पाणी आणि आहार

पाण्यासाठी उथळ परळ मातीत रुतवून ठेवला जातो. पाणी कासवाच्या हनुवटीपेक्षा खोल नसावे. पिल्लांना कोमट, उथळ पाण्यात थोडा वेळ बसवल्याने शरीरातील पाण्याचे प्रमाण टिकते.

आहारात मुख्यत्वे गवत आणि तंतुमय पाला असतो. जास्वंदीची पाने-फुले, शेवग्याचा पाला आणि काटे काढलेल्या निवडुंगाच्या फड्या देता येतात. डाळी व कडधान्ये यांसारखा प्रथिनयुक्त आहार मूत्रपिंडांवर ताण आणतो. कण्हेर आणि रुई विषारी असल्याने निवाऱ्याजवळ लावली जात नाहीत.

खानदेशातील परिस्थिती

जळगाव जिल्ह्यात गिरणा नदीकाठी वसलेल्या भडगावसारख्या गावी निवाऱ्याची गरज ऋतूनुसार बदलते. एप्रिल-मे महिन्यांत या भागातील दुपारचे तापमान ४२ अंशांच्या वर जाते, तर हिवाळ्यात रात्री ते काही वेळा १० अंशांपर्यंत उतरते. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी थंडावा आणि हिवाळ्यात रात्री ऊब देण्यासाठी छताखालची जागा लागते. वर्षातील बराच काळ मात्र सकाळचे कोवळे ऊन हाच अतिनील किरणांचा सर्वांत चांगला आणि विनाखर्चाचा स्रोत ठरतो. पडवीला लागून कुंपण घातलेले अंगण त्यासाठी पुरते.

पत्र्याच्या छपराखाली निवारा ठेवणे उन्हाळ्यात घातक असते. जाड मातीच्या भिंतींचे धाब्याचे घर त्यापेक्षा थंड राहते. कूलरचा झोत थेट कासवावर आल्यास दमट गारव्यामुळे श्वसनाचे आजार होऊ शकतात. वीज गेल्यास दिवे बंद पडतात, म्हणून थंडीच्या रात्री निवाऱ्याभोवती गोणपाट गुंडाळण्याची सोय ठेवावी लागते. केळी या भागात मुबलक असली तरी त्यांत साखर जास्त व कॅल्शियम कमी असल्याने ती कासवाचा नेहमीचा आहार होऊ शकत नाहीत. कपाशीच्या शेतातील तण कीटकनाशकांच्या फवारणीमुळे वर्ज्य असते.

सापडलेल्या कासवांची व्यवस्था

चांदणी कासवाचा नैसर्गिक अधिवास मुख्यतः वायव्य भारत, दक्षिण भारत व श्रीलंका येथे आहे. खानदेशात सापडलेले चांदणी कासव बहुधा व्यापारातून आलेले असते. ते जवळच्या माळावर सोडल्यास त्याच्यासोबत परक्या भागातील रोग पसरू शकतात आणि भिन्न वंशाच्या कासवांचा संकर होऊ शकतो. म्हणून असे कासव वनविभागाकडे सोपवले जाते. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा मदत क्रमांक आहे. तोवर त्याला हवेशीर खोक्यात, कोरड्या व शांत जागी, सावलीत ठेवणे पुरेसे असते.

पुनर्वसनापूर्वी कासवांना विलग ठेवून त्यांची तपासणी केली जाते. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ चांदणी कासवे कर्नाटकात परत आणण्यात आली, तेव्हा त्यांना थेट जंगलात न सोडता आधी देखरेखीखाली ठेवण्यात आले. अशा प्रसंगी बंदिस्त निवारा हे कासवाचे कायमचे घर नसून अधिवासाकडे परतण्याच्या मार्गातील एक टप्पा असतो.